स्टेज मॅनेजर वर्गात तयार होत नाही, पण नुसता विंगेत ढकलूनही होत नाही

नाटक शिकवणाऱ्या बऱ्याच ठिकाणी नव्या प्रॉडक्शनची कामं कशी वाटतात ते एकदा बघा. आधी भूमिका ठरतात, मग दिग्दर्शकाचा असिस्टंट कोण ते ठरतं, मग ज्यांना लाइटची, साउंडची, नेपथ्याची आवड आहे ते आपापल्या टीममध्ये जातात, आणि हे सगळं झाल्यावर जो उरतो, म्हणजे ज्याची ऑडिशन जमली नाही किंवा ज्याला कुणाला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडे बघून म्हणतात, तू स्टेज मॅनेजमेंट बघशील ना? तो मान हलवतो, झालं. त्याला यातलं काय येतं, काय शिकायचंय, कोण शिकवणार, हे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांनी मनात धरलेलं असतं की हे काम करता करता येतं. आणि दुसऱ्या टोकाला लेखी परीक्षेत प्रश्न येतो, स्टेज मॅनेजरची कर्तव्ये लिहा. ज्याने आयुष्यात कधी हेडसेट कानाला लावला नाही तो पण पाठ केलेले मुद्दे ओळीने लिहून चांगले मार्क घेऊन जातो.

माझं म्हणणं असं की हे काम खऱ्या प्रॉडक्शनवरच शिकता येतं, त्याला दुसरा रस्ता नाही. पण प्रॉडक्शनवर सोडून देणं म्हणजे शिकवणं नव्हे. आपण सोडून देतो आणि त्याला प्रॅक्टिकल म्हणतो, आणि मग तक्रार करतो की चांगले स्टेज मॅनेजर मिळत नाहीत.

आधी हे काम नेमकं काय ते बघू, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हा माणूस म्हणजे खुर्च्या हलवणारा आणि सगळ्यांना वेळेवर या म्हणून फोन करणारा. तेही असतंच. पण त्याचं मोठं काम म्हणजे सगळं नाटक एका जागी धरून ठेवणं. नटाला स्वतःचं काम माहीत असतं, लाइटवाल्याला लाइट माहीत असतात, दिग्दर्शकाला त्याच्या डोक्यातलं नाटक माहीत असतं. पण आज, आत्ता, या मिनिटाला स्टेजवर आणि स्टेजच्या मागे काय काय चाललंय, कोण कुठून येणार, कोणती वस्तू कोणत्या टेबलावर आहे, पुढचे तीन क्यू, म्हणजे लाइट-साउंड बदलायचे इशारे, कोणते, हे सगळं एकाच वेळी फक्त एकाच माणसाला माहीत असतं. शेक्सपिअरच्या काळातल्या लंडनमध्ये तर नटांना पूर्ण नाटक मिळायचंच नाही, प्रत्येकाच्या हातात फक्त स्वतःची वाक्यं आणि त्याआधीचे दोन-चार शब्द, बस. पूर्ण संहिता सांभाळायचा तो बुक-कीपर. आणि पडद्यामागे खुंटीला एक जाड पुठ्ठा टांगलेला असायचा, त्यावर क्रमाने लिहिलेलं की कोण कधी आत जाणार, सोबत काय नेणार. असे काही पुठ्ठे लंडनच्या संग्रहांमध्ये अजून जपलेले आहेत, वरच्या बाजूला टांगायचं भोक सुद्धा आहे. चारशे वर्षांपूर्वीचं क्यूशीट म्हणा ना. तेव्हा डिग्री नव्हती, कोर्स नव्हता, कंपनीत राहून काम उचलायचं एवढाच मार्ग होता. त्यावर आज कुणी म्हणेल की मग तसंच चालू द्या की. नाही, कारण तेव्हा शिकाऊ माणूस वर्षानुवर्षं त्याच कंपनीत, त्याच लोकांच्या शेजारी उभा असायचा. आपण आजच्या मुलाला दोन महिन्यांची तालीम आणि चार-पाच प्रयोग देतो, शेजारी कुणीच नसतं, आणि अपेक्षा मात्र तीच ठेवतो.

आता क्यू कॉल करणं, म्हणजे हेडसेटवरून ऑपरेटरना इशारा देणं घ्या. पुस्तकात हे अर्ध्या पानात येतं. आधी स्टँडबाय द्यायचा, लाइट क्यू ४२ आणि साउंड १७ स्टँडबाय, ऑपरेटर उलट स्टँडबाय म्हणून सांगणार, मग वेळ आली की लाइट ४२, गो. गो हा शब्द नेहमी शेवटी, कारण ऑपरेटरचं बोट त्या शब्दावर हलतं, नंबराच्या आधी गो म्हटलात तर कोणता क्यू हे कळायच्या आधीच बटण दाबलं गेलेलं असतं. म्हणून हेडसेटवर एरवी गप्पा मारताना पण गो हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. हे सगळं एका दुपारात समजतं. पण समजणं वेगळं.

कारण नाटकात क्यू शब्दावर लिहिलेला असला तरी तो बहुतेक वेळा शब्दाचा नसतो. समजा प्रवेशाच्या शेवटी नटी एक वाक्य म्हणते, थांबते, वर बघते आणि मग अंधार व्हायचाय. वहीत क्यू तिच्या बघण्यावर आहे. आता तुम्ही ती बघितल्यावर गो म्हणणार असाल तर उशीर झाला, कारण तुमचा आवाज ऑपरेटरच्या कानात जाऊन त्याचं बोट हलून लाइट जायला लागेपर्यंत मध्ये एक छोटासा वेळ जातोच, आणि तेवढ्यात तिची मान खाली आलेली असते. म्हणजे ती बघणार आहे हे तुम्हाला तिच्या आधी कळायला हवं. कशावरून कळतं? तिच्या श्वासावरून, खांद्यावरून, कधी कधी तर आज प्रेक्षक आधीच्या वाक्याला हसले म्हणून ती जास्त थांबणार हे तुम्हाला माहीत झालेलं असतं त्यावरून. हे व्हिडिओ बघून येत नाही. रेकॉर्डिंगवर सराव करा, जरूर करा, स्टँडबाय-गोची भाषा तोंडात बसते, वहीतून मान वर काढून स्टेजकडे बघायची सवय लागते. पण रेकॉर्डिंगमधली नटी दर वेळी तेवढंच थांबते, तिसऱ्यांदा बघताना तुम्ही तिला पाठ केलेलं असतं, तिच्याबरोबर श्वास घेत नसता. आणि रेकॉर्डिंगमध्ये चुकलात तर अंधारात कुणी धडपडत नाही.

चुकलं तर कुणाचं तरी काहीतरी होतं, ही जाणीव वर्गात तयार करता येत नाही. मला वाटतं या शिक्षणाचा खरा गाभा तिथेच आहे.

प्रॉम्प्ट बुकचं, म्हणजे स्टेज मॅनेजरच्या वहीचंही तसंच. एका बाजूला संहिता, दुसऱ्या बाजूला कोण कुठून कुठे गेलं त्याच्या खुणा, सगळे क्यू, स्टँडबाय, वस्तूंच्या नोंदी, आणि हे सगळं पेन्सिलने, कारण टेक रिहर्सलमध्ये, म्हणजे लाइट-साउंडसकट होणाऱ्या तालमीत, यातलं निम्मं खोडलं जाणार असतं. पेन्सिल का हे शिकवावं लागतं म्हणा किंवा एका टेकला बसलं की आपोआप कळतं म्हणा. पण नोंद किती करायची हे मात्र कुणीच सांगू शकत नाही. नवीन मूल सगळं लिहितं. नटाने हात वर केला, हात खाली केला, डावीकडे अर्धं पाऊल. चौथ्या दिवशी त्या पानाकडे बघून त्याचं त्यालाच काही लागत नाही. मग जेव्हा दिग्दर्शक विचारतो की मागच्या आठवड्यात आपण हे दारातून केलं होतं का खिडकीपाशी, आणि सगळे याच्याकडे बघतात, आणि याला सापडत नाही, तेव्हा त्याला कळतं की नोंद कशाची हवी होती. पुढच्या नाटकात त्याचं पान मोकळं दिसायला लागतं. हा बदल कुठल्याही लेक्चरने होत नाही, आणि लेक्चर देणाऱ्यांना हे माहीत असतं.

तालमीची जागा आखणं, म्हणजे नेपथ्याच्या नकाशावरून मोजून खऱ्या मापात जमिनीवर टेप लावणं, हेही बघायला सोपं वाटतं. नकाशा बहुतेक ठिकाणी १:२५ किंवा त्याच्या जवळपासच्या स्केलला असतो, त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर पंचवीस. गणित शाळेतलं आहे. पण दार एक वीत अरुंद आखलं गेलं तर नट महिनाभर त्या अरुंद दारातून जायची सवय लावून घेणार आणि सेट उभा राहिला की सगळ्या एन्ट्रीचा टायमिंग बदललेला असणार, हे डोक्यात पक्कं बसायला गुडघ्यावर बसून टेप लावावा लागतो आणि मग त्या सेटवर ते नाटक उभं राहिलेलं बघावं लागतं. दोन्ही. नुसता टेप लावून सुट्टी झालेल्या मुलाला अर्धंच शिकायला मिळतं.

रिहर्सल रिपोर्टबद्दल लोक कमी बोलतात, पण माझ्या मते सगळ्यात जास्त शिक्षण तिथे आहे. रोजच्या तालमीनंतर प्रत्येक विभागाला एक कागद जातो, आज काय ठरलं, काय बदललं, कोणाला काय करायचंय. आता तालमीत नट तिसऱ्या प्रवेशात पळत जिना चढायला लागला. रिपोर्टमध्ये हे लिहिताना, नट पळतोय, एवढं लिहून काही होत नाही. वेशभूषेला कळायला हवं की बुटांचा तळवा घसरता नको, नेपथ्याला कळायला हवं की जिन्यावर वजन जोरात पडणार, लाइटला कळायला हवं की जिन्याच्या वरच्या पायरीवर उजेड हवा. एक गोष्ट, तीन जणांना तीन वेगळ्या वाक्यांत. आणि त्यात कुणावर खापर नाही. नट उशिरा आला तर, तालीम दहा मिनिटं उशिरा सुरू झाली, एवढंच, कारण हा कागद दहा लोक वाचणार असतात आणि उद्या सकाळी त्या सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघून काम करायचं असतं. असं लिहायला शिकणं म्हणजे नाटकातलं राजकारण न करता नाटक चालवायला शिकणं. याची उदाहरणं वर्गात वाचून दाखवता येतील, पण ज्या दिवशी तुमच्या एका वाक्यामुळे वेशभूषाकार चिडून फोन करते, त्या दिवशी तुम्हाला भाषा म्हणजे काय ते कळतं.

आणि अधिकार. वीस-बावीस वर्षांच्या मुलीने पन्नाशीच्या दिग्दर्शकाला सांगायचं असतं की सर, ब्रेकची वेळ झाली, थांबा. तिला हा अधिकार कुठल्या पुस्तकाने दिलाय? तो फक्त लोकांनी तिच्यावर ठेवलेल्या विश्वासातून येतो आणि विश्वास रोज थोडा थोडा साठतो, ती वेळेवर येते, तिच्या वहीत सापडतं, ती ओरडत नाही, ती जे बोलते ते होतं, यातून. ब्रिटनमध्ये प्रयोगाआधीची हाफ, म्हणजे नटांना तयारीची वेळ झाल्याची हाक, पडदा उघडायच्या पस्तीस मिनिटं आधी दिली जाते, अमेरिकेत तीस, हे तिला कुणीही सांगेल. पण हाफ दिल्यावर एक नट अजून आलेला नाही आणि बाकीच्यांना ते कळू द्यायचं नाहीये, तेव्हा चेहरा कसा ठेवायचा, ते कोण सांगणार?

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला शंभर टक्के मान्य आहे. काही गोष्टी चुकून शिकायच्या नसतात. वजनं वर-खाली करणारी दोरखंडं, वीज, आग, उंची, स्टेजवरची मारामारी, जवळिकीचे प्रसंग, यात करून बघ आणि चुकलास की कळेल हे म्हणणं निव्वळ बेजबाबदारपणा आहे. ३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला दुपारच्या प्रयोगात आग लागली, किमान ६०२ माणसं गेली. थिएटर नवंकोरं, महिनाभरापूर्वीच सुरू झालेलं, अग्निरोधक म्हणून जाहिरात केलेली. आग अडवणारा पडदा होता, तो अर्ध्यात अडकला. आणि कर्मचाऱ्यांची आगीची कसली कवायत झालेलीच नव्हती. यावरून लोक म्हणतात की बघा, सेफ्टी आधी शिकवा. बरोबर. पण मी त्यात अजून एक बघतो, तिथे वस्तू होती, हात मात्र सरावलेले नव्हते. म्हणजे सेफ्टी पण शेवटी करूनच शिकायची, फक्त ती करायची जागा प्रेक्षक आत असतानाची नाही. रिकाम्या थिएटरमध्ये, परत परत, कंटाळा येईपर्यंत.

दुसरं उदाहरण जवळचं आहे. डिसेंबर २०१० मध्ये ब्रॉडवेवरच्या एका मोठ्या म्युझिकलच्या प्रीव्ह्यूमध्ये एक कलाकार उंचावरून खाली कोसळला, खूप जखमी झाला, कारण त्याची सेफ्टी केबल अडकवलेलीच नव्हती. त्यानंतर जी पद्धत आली ती साधी होती. एकाने केबल लावायची, दुसऱ्याने ती बघायची, आणि लावली हे स्टेज मॅनेजरला तोंडाने सांगायचं. आता हा नियम भिंतीवर चिकटवता येतो. पण त्याच्या आत जे आहे, की मला जोपर्यंत शब्दात सांगितलं जात नाही तोपर्यंत मी क्यू देणार नाही, मग संगीत पुढे जाऊ दे, प्रेक्षक थांबू दे, ते धाडस भिंतीवरून येत नाही. ते त्या मुलाला टेकमध्ये येतं, जेव्हा तो पहिल्यांदा मोठ्याने होल्ड म्हणतो आणि चाळीस माणसं थांबतात आणि आकाश कोसळत नाही. म्हणून मी म्हणतो की नवशिक्या स्टेज मॅनेजरच्या शेजारी एक अनुभवी माणूस असायलाच हवा, जो त्या होल्डनंतर सगळ्यांसमोर म्हणेल, बरोबर थांबवलंस.

हा शेजारचा माणूस म्हणजेच माझा सगळा मुद्दा. काम करून शिकण्यावर जगात भरपूर अभ्यास झालाय. लाइबेरियातल्या शिंप्यांचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथले शिकाऊ आधी काजं-बटणं, कडा दुमडून शिवणं, इस्त्री असं करत करत मागे जातात, मग शिवण, आणि कापड कापायला सगळ्यात शेवटी मिळतं. म्हणजे आधी पूर्ण कपडा कसा दिसतो हे डोळ्यात बसतं, आणि ज्या कामात चूक महाग ते काम शेवटी. अशाच दुसऱ्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधल्या मटण कापणाऱ्यांचंही उदाहरण आहे, तिथे काही शिकाऊ मुलांना गुंडाळायच्या टेबलावर उभं केलं जायचं आणि त्या टेबलावरून कापणारे कारागीर दिसायचेच नाहीत. काम करत होती, दिवसभर करत होती, शिकत मात्र गुंडाळायलाच होती.

आपली बॅकस्टेजची मुलं बहुतेक या गुंडाळायच्या टेबलावर उभी आहेत. प्रॉप्सच्या टेबलाशी असिस्टंट म्हणून उभं राहणं हे चांगलंच पहिलं काम आहे, शिंप्याच्या बटणासारखं, यावर माझं काही म्हणणं नाही. उलट मी म्हणेन की ज्याने प्रॉप्सचं टेबल आखलं नाही, प्रत्येक वस्तूला चौकोन काढून नाव लिहिलं नाही, त्याला कॉल करायला बसवूच नका. पण त्या टेबलावरून त्याला कॉल करणारी व्यक्ती दिसते का? तिचा आवाज त्याच्या कानात येतो का? प्रयोगानंतर त्याला कुणी सांगतं का की आज दुसऱ्या अंकात साउंड का थांबवला होता? नाही ना? मग दहा नाटकं केली तरी तो टेबलवाला राहणार, आणि आपण म्हणणार की याच्यात स्टेज मॅनेजर व्हायची कुवत नाही.

एक साधा उपाय आहे, त्याला पैसे पण लागत नाहीत. असिस्टंटला एक हेडसेट द्या, फक्त ऐकायला. एखाद-दोन प्रयोग तो ऐकेल, मग एका रनमध्ये, म्हणजे न थांबता केलेल्या पूर्ण तालमीत, मुख्य माणसाच्या शेजारी बसून वहीत बोट फिरवेल, मग रंगीत तालमीचा एक अंक तो कॉल करेल आणि मुख्य माणूस शेजारी गप्प बसेल, मग प्रेक्षकांसमोर एक अंक, मग पूर्ण प्रयोग. गप्प बसणं हे त्या अनुभवी माणसाचं सगळ्यात अवघड काम आहे, हेही इथे सांगून ठेवतो. हात हेडसेटच्या बटणाकडे जातोच. अंगावर येणाऱ्या किंवा धोक्याच्या क्यूला तो बोलेल, बाकी वेळी लाइट दोन सेकंद उशिरा गेला तर जाऊ दे. विद्यार्थ्यांच्या नाटकात लाइट दोन सेकंद उशिरा जाणं हीच त्या नाटकाची खरी कमाई असते. पण तिथेही दिग्दर्शन करणाऱ्या सरांना आपलं नाटक बिघडायला नको असतं, म्हणून ते बाहेरून तयार माणूस आणतात आणि विद्यार्थी चहापाणी बघतात. मग ते प्रॉडक्शन कशासाठी होतं हा प्रश्न मला पडतो. सरांच्या नावासाठी असेल तर तसं सांगा, मग त्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणू नका.

यातून दुसरा विषय निघतो, आणि तो थोडा अप्रिय आहे. शिकायला मिळतंय ना, या एका वाक्यावर नाटकाच्या धंद्यात किती काम फुकट करून घेतलं जातं याचा हिशोब कुणी ठेवत नाही. नटाला निदान टाळी मिळते, फोटो मिळतो, कुणीतरी बघून पुढचं काम देतं. बॅकस्टेजच्या माणसाचं काम चांगलं झालं तर ते दिसतच नाही, म्हणजे त्याला मोबदला म्हणून फक्त अनुभव, आणि तो अनुभव पण शिकवल्याशिवायचा. अमेरिकेतली अ‍ॅक्टर्स इक्विटी १९१३ ची, ब्रिटनची इक्विटी १९३० ची, दोन्ही संघटना नावाने नटांच्या, पण त्या स्टेज मॅनेजरांचंही प्रतिनिधित्व करतात, किती तास, ब्रेक कधी, पगार किती हे करारात असतं. म्हणजे व्यवसाय म्हणून हे काम मान्य आहे. मग शिकवताना ते फुकटच्या हमालीत का मोडतं? माझा सरळ निकष असा आहे, की ज्या प्रॉडक्शनमध्ये शिकाऊ मुलाशेजारी शिकवणारा माणूस नेमलेला आहे तिथे ते शिक्षण, तिथे क्रेडिट द्या, पैसे नाही दिले तरी चालेल. आणि जिथे असा माणूस नाही, तिकीट विकलं जातंय, आणि मूल एकटं सगळं ओढतंय, तिथे ते काम आहे, त्याचे पैसे द्या. दोन्ही नको आणि काम मात्र हवं, असं चालणार नाही. काही लोक म्हणतील मग छोट्या हौशी ग्रुपचं काय, त्यांच्याकडे कुणाचेच पैसे नसतात. तिथे नट पण फुकट, दिग्दर्शक पण फुकट, तिथे सगळे एका होडीत आहेत, माझी तक्रार तिथे नाही. तक्रार तिथे आहे जिथे बाकी सगळ्यांचं काहीतरी ठरलेलं असतं आणि फक्त बॅकस्टेजला म्हणतात, तुला शिकायला मिळेल.

टेक्नॉलॉजीवाल्यांचं एक म्हणणं असतं की आता सगळं कॉम्प्युटरवर बसवता येतं, टाइमकोड लावला की लाइट, साउंड, व्हिडिओ एकामागोमाग आपोआप चालतात, मग कॉल करायला माणूस शिकवायचा कशाला. जिथे सगळं रेकॉर्ड केलेल्या संगीताला बांधलेलं आहे तिथे हे खरं आहे, आणि चांगलंही आहे, माणसाने उगाच दर सेकंदाला गो म्हणायची गरज नाही. पण नटाचा पॉज टाइमकोडला कळत नाही. सरकता सेट अडला हे त्याला कळत नाही. पहिल्या रांगेत कुणाला चक्कर आली हे कळत नाही. म्हणजे मशीन जितकं जास्त काम घेतंय तितकं माणसाकडे उरलेलं काम फक्त निर्णयाचं उरतंय, आणि निर्णय हाच भाग करून शिकावा लागतो. टेक्नॉलॉजीने हा युक्तिवाद माझ्याच बाजूने नेला असं मला वाटतं, पण असो.

आता परीक्षेचं. कारण संस्थांचं खरं दुखणं तिथे आहे, न दिसणाऱ्या कामाला मार्क कसे द्यायचे. लेखी पेपर त्यातूनच आला. नाटक छान झालं तर सगळ्यांना चांगले मार्क, पडलं तर सगळ्यांना कमी, हा दुसरा प्रकार, तोही फालतू, कारण वाईट नाटकाला उत्तम स्टेज मॅनेजमेंट असू शकतं आणि उलटही. मी सुचवतो ती परीक्षा अशी आहे. रंगीत तालीम झाल्यावर एक रन ठेवा ज्यात स्टेज मॅनेजर येणारच नाही. त्याची वही दुसऱ्या प्रॉडक्शनच्या स्टेज मॅनेजरला आदल्या दिवशी द्या आणि त्याने फक्त त्या वहीवरून रन कॉल करायचा. तोंडी विचारायचं नाही, फोन करायचा नाही. वही नीट असेल तर रन होतो, थोडा अडखळत होतो पण होतो. नसेल तर पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना कळतं, आणि का ते पण कळतं, कुठल्या पानावर काय लिहायचं राहिलं ते बोट ठेवून दाखवता येतं. व्यवसायातही वहीची कसोटी हीच असते, तुम्ही प्रयोगाच्या तासभर आधी आजारी पडलात तर दुसरा कुणी तो प्रयोग नेऊ शकतो का. शिवाय एका परीक्षेत दोघं शिकतात, ज्याची वही तो आणि ज्याने वाचली तो, आणि दुसऱ्याची वही वाचून जेवढं स्वतःच्या वहीबद्दल कळतं तेवढं कुठेच कळत नाही.

हे फक्त स्टेज मॅनेजमेंट घेतलेल्या मुलांपुरतं ठेवू नये, हा माझा शेवटचा आणि बहुतेक सगळ्यात न पटणारा हट्ट. नट होणाऱ्यानेही एक प्रयोग विंगेत काढावा, आणि दिग्दर्शन शिकणाऱ्याने तर एक पूर्ण प्रयोग कॉल केल्याशिवाय त्याला स्वतःचं नाटक देऊच नये. कारण पहिला प्रयोग झाला की बहुतेक ठिकाणी दिग्दर्शक पुढच्या कामाला लागतो आणि त्याचं नाटक स्टेज मॅनेजरकडे राहतं. अमेरिकेत तर प्रयोग चालू असताना नटांना नोट्स देणं, बदली नटांच्या तालमी घेणं हे रीतसर स्टेज मॅनेजरचं काम आहे. नट हळूहळू पॉज लांबवत जातात, अंक चार मिनिटांनी वाढतो, आणि हे घड्याळ लावून रोज लिहून ठेवणारा एकच माणूस असतो. ज्या दिग्दर्शकाला हे माहीत नाही तो आपलं नाटक कुणाच्या हातात देऊन चाललाय हे त्याला कळत नाही, आणि मग तो टेकच्या दिवशी त्या माणसावर ओरडतो. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी पुढच्या सत्रात बाकी काही नाही केलं तरी ही एक अट घालावी, आणि ती पहिल्याच वर्षात घालावी, तिसऱ्या वर्षापर्यंत सगळ्यांची मतं फार पक्की झालेली असतात.